बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीतल्या गोळ्या

ताई,
मी २८ वर्षांची आहे, भांडुपला राहते, बीकेसीत नोकरी करते. पंधराव्या वर्षी मला फिट यायला लागल्या. डॉक्टरांनी ‘जेएमई’ सांगितलं, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा फिटचा एक प्रकार. तेव्हापासून व्हॅल्प्रोएट ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे. गेल्या चार वर्षांत मोठी फिट आलेली नाही. लग्नाला दीड वर्ष झालं. नवऱ्याला सगळं माहीत आहे, सासूबाईंना नाही. माझ्या आईनेच सांगू दिलं नाही. मी गोळ्या पाकिटातून काढून बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत ठेवते. आता घरात बाळाचा विषय रोज निघतो. मोबाईलवर वाचलं की ही गोळी घेणाऱ्या आईची मुलं मंद होतात. घाबरून मी संध्याकाळची गोळी बंद केली, बारा दिवस झाले, नवऱ्यालाही बोलले नाही. सकाळी हात पुन्हा उडायला लागलेत. मंगळागौरीला रात्रभर जागलो होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चहाचा कप उडाला होता आणि सासूबाई ‘धांदरट’ म्हणाल्या होत्या. तसंच होतंय. गोळी पूर्ण सोडून मग चान्स घेऊ का? माझा आजार बाळाला होईल का? सासूबाईंना सांगू का?
— एक वाचक, भांडुप

तुझं पत्र रांगेत ठेवण्यासारखं नव्हतं. ते मिळालं त्याच संध्याकाळी तुला चार ओळी कळवल्या होत्या: गोळी अशी परस्पर बंद ठेवू नकोस, उद्या सकाळीच तुझ्या डॉक्टरांना फोन कर, पुन्हा कशी सुरू करायची ते त्यांनाच विचार, आणि तोवर दिवस राहणार नाहीत याची काळजी घे. तू फोन केलास आणि न्यूरॉलॉजिस्टची वेळही घेतलीस, हे वाचून बरं वाटलं. आता बाकीचं सविस्तर लिहिते. डब्यांत-बाटल्यांत गोळ्या लपवणारी तू एकटी नाहीस.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. पालिकेच्या एका रुग्णालयात समाजसेवा विभागात सत्तावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर, पेशंटच्या शेजारी बसून. किती मिलिग्रॅम घ्यायचं ते मी सांगणार नाही. काय विचारायचं आणि कधी, ते सांगू शकते.

तुझी भीती खोटी नाही. आई कुठलंही औषध घेत नसली तरी १०० बाळांपैकी दोन-तीन बाळांना जन्मतः एखादं मोठं व्यंग असतं. आई व्हॅल्प्रोएटवर असेल तर हाच आकडा १० च्या घरात जातो: मणका नीट न मिटणं, हृदयाचे दोष, फाटलेली टाळू. डोस जितका मोठा तितका धोका मोठा. ‘युराप’ नावाची अनेक देशांची मिळून एक नोंदवही आहे. तिच्यात रोज ६५० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत १०० पैकी सहा, आणि १४५० च्या वर घेणाऱ्यांत १०० पैकी २५ बाळांत व्यंग दिसलं. तुझा रोजचा डोस १००० चा, म्हणजे तू मधल्या गटात. तिथे आकडा ११ आहे.

मेंदूच्या वाढीचं गणित याहून निराळं, आणि तू घाबरलीस ती त्याच्यामुळे. पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या १०० मुलांपैकी ३० ते ४० मुलांत वाढीची काही ना काही अडचण दिसते. कोणी उशिरा चालतं, कोणी उशिरा बोलतं, कोणाचं लक्ष टिकत नाही, कोणाला शाळेत पाठ केलेलं आठवत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा मुलांना सहाव्या वर्षापर्यंत तपासत राहिले. २०१३ साली निकाल आला. व्हॅल्प्रोएटच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७ भरला, फिटच्या दुसऱ्या तीन औषधांवरच्या आयांच्या मुलांचा १०५ ते १०८. त्याच वर्षी डेन्मार्कमधून स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) आकडे आले: एरवी १०० पैकी दीड मूल, व्हॅल्प्रोएट मिळालेल्यांत साडेचारच्या जवळ.

आता तुझ्या मोबाईलवरचा ‘मंद’ हा शब्द. ९७ बुद्ध्यांक म्हणजे मंद नव्हे, अगदी सर्वसाधारण. आणि १०० पैकी ६०-७० मुलांत तर अशी अडचण दिसतच नाही. पण जे मूल १०७ चं झालं असतं ते ९७ वर थांबलं, तर ते नुकसान खरंच आहे, आणि टाळता येण्यासारखं असेल तर टाळायलाच हवं. हे नुकसान गोळीमुळे होतं, तुला आकडीचा आजार आहे म्हणून नव्हे. ज्या आया लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम या फिटच्या दुसऱ्या औषधांवर असतात त्यांच्या बाळांत व्यंगाचा आकडा तीनच्या आसपास, म्हणजे जवळपास सगळ्यांइतकाच. त्या मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या चाचण्याही आतापर्यंत चांगल्या आल्या आहेत.

इथे मला थोडं रागावू दे, तुझ्यावर नाही. १९८२ साली फ्रान्समधल्या लियों शहरातून पहिल्यांदा नोंद झाली, की ही गोळी घेणाऱ्या आयांच्या बाळांत मणक्याचा दोष जास्त दिसतो. ब्रिटनने २०१८ पासून असा नियम केला, की मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही गोळी द्यायची तर दुसरं औषध लागू पडत नसेल तरच, आणि गर्भनिरोधनाची व्यवस्था करून, दरवर्षी समजावून सांगून. तू पंधराव्या वर्षापासून तेरा वर्षं ओपीडीत जातेस. ‘गोळी चालू आहे ना? चालू ठेवा’ यापलीकडे तुला कोणी काही बोललं नाही. अशा मुली मी बाकड्यावर खूप पाहिल्या. डॉक्टरांकडे एका पेशंटला तीन मिनिटं असतात हे मान्य, पण एवढं सांगायला तीन मिनिटं पुरतात.

तरी गोळीवर डूख धरू नकोस. तुझ्या प्रकारच्या आजारात, म्हणजे सकाळी उठल्यावर हात उडणं, हातातल्या वस्तू फेकल्या जाणं, जागरणानंतर मोठी फिट येणं, यात व्हॅल्प्रोएटइतकं गुणकारी औषध क्वचितच सापडतं. तुझी चार वर्षं नीट गेली ती त्याच्या जोरावर.

आणि म्हणूनच ती एकदम सोडायची नाही. सकाळी हात उडतात त्याही फिटच आहेत, छोट्या. मोठी येण्याआधी त्या असंच दार वाजवतात. मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशी तो कप धांदरटपणाने पडला नव्हता. रात्रभराच्या जागरणाने तो उडवला होता. आता जागरणाच्या जागी अर्धा डोस आलाय, एवढाच फरक. जेएमईत औषध थांबवलं की फिट परत येतात, हे बहुतेकींच्या बाबतीत खरं ठरतं, मग मधे दहा वर्षं कोरडी गेलेली असोत. आणि गरोदर बाईला मोठी फिट आली तर ती पोटावर पडू शकते, बाळाचा प्राणवायू काही वेळ कमी होतो. झोपेत आलेल्या फिटने बाई दगावल्याचंही घडतं. ज्या आया अशा गेल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी बाळाच्या काळजीनेच गोळ्या सोडल्या होत्या.

तेव्हा गोळी बदलायची, सोडायची नाही. हा बदल दिवस राहण्याआधी व्हायला हवा. बहुधा डॉक्टर तुला लेव्हेटिरासिटाम सुचवतील. मेडिकलवाल्याकडे ते लेव्हिपिलसारख्या नावांनी मिळतं. आधी नवीन सुरू करतात, मग जुनं काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. काहीजणींना त्याने चिडचिड होते, मन उदास राहतं. तसं झालं तर ‘माझाच स्वभाव बिघडला’ म्हणून गप्प बसू नकोस, डॉक्टरांना सांग. लॅमोट्रिजिनही चांगलं, पण त्याने कधीकधी हात उडणं वाढतं. शिवाय व्हॅल्प्रोएट चालू असताना ते फार सावकाश वाढवावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. कोणी टोपिरामेट सुचवलं तर नक्की विचार, की बाळासाठी याहून बरं काही नाही का. त्याने ओठ-टाळूचे दोष वाढतात, आणि २०२२ मध्ये स्कँडिनेव्हियाच्या मोठ्या अभ्यासात त्याच्यासोबत स्वमग्नता आणि बौद्धिक अडचणीही जास्त दिसल्या.

एखादीला मात्र दुसरं काहीच लागू पडत नाही. हे मी लपवत नाही. मग डॉक्टर आणि ती मिळून व्हॅल्प्रोएटचा कमीत कमी डोस ठरवतात आणि धोका माहीत असून पुढे जातात. तो निर्णय वेडेपणाचा नसतो. पण तू अजून दुसरं औषध घेऊनच पाहिलेलं नाहीस.

याला वेळ लागेल, कदाचित वर्षभर. नवीन औषधावर निदान नऊ महिने फिट न येता गेले, तर गरोदरपणातही ती न येण्याची शक्यता १०० पैकी ८४ ते ९२ असते. २८ व्या वर्षी वर्षभर थांबणं म्हणजे उशीर नव्हे, सासूबाईंना कितीही वाटलं तरी. तोवर कंडोम किंवा कॉपर-टी. गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या असतील तर आधी विचार, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्या लॅमोट्रिजिनचा असर उतरवतात. व्हॅल्प्रोएटने काहीजणींची पाळी अनियमित होते. म्हणून पाळी लांबली की ‘माझी तर नेहमीच लांबते’ असं धरून चालू नकोस, लघवीची टेस्ट कर. आणि या मधल्या काळात दिवस राहिलेच, तरीही गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांकडे जायचं.

फॉलिक ॲसिडचं आत्ताच विचार. फिटची औषधं घेणाऱ्या बायकांना बहुधा रोज ५ मिलिग्रॅम देतात, तेही दिवस राहण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून. बाळाचा मणका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटतो. तेव्हा आईची पाळी जेमतेम चुकलेली असते. मात्र फॉलिक ॲसिडने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही. ‘ही गोळी घ्या आणि निर्धास्त राहा’ असं कोणी म्हणालं तर निर्धास्त होऊ नकोस.

औषध बदलताना तुझा रोजचा प्रवास मला डोळ्यांसमोर येतो. कुर्ल्याला उतरायच्या घाईत सगळ्या दाराशी येऊन उभ्या राहतात. तू आत राहा, एक स्टेशन पुढे जावं लागलं तरी चालेल. फलाटाच्या कडेला उभी राहू नकोस. बाथरूमला आतून कडी घालू नकोस. शक्य असेल तर ऑफिसची वेळ तासभर पुढे मागून घे, कारण झोप हे तुझं दुसरं औषध आहे. या श्रावणात कोणाची मंगळागौर असेल तर जा, झिम्मा खेळ, उखाणा घे आणि अकराला झोपायला घरी ये. हरतालिकेचा निर्जळी उपास करत असशील तर गोळी आणि तिच्यापुरतं पाणी त्यातून वगळ. देव काही म्हणत नाही.

दिवस राहिल्यावर एक गोष्ट बऱ्याच जणींना चकवते. डोस तोच असतो, पण रक्तातलं औषध उतरतं. लॅमोट्रिजिन तर कधीकधी निम्म्यावर येतं, आणि लेव्हेटिरासिटामही कमी होतं. म्हणून मधेमधे रक्त तपासून डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा कमी करावा लागतो. ‘गरोदरपणात डोस वाढवला’ हे ऐकून घाबरू नकोस; ते तुला होतं तिथेच ठेवण्यासाठी असतं. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर काय करायचं ते आधीच विचारून ठेव. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही. पाचव्या महिन्यानंतर फिट आली आणि सोबत बीपी वाढलेलं, पाय सुजलेले, डोकं ठणकतंय असं असेल, तर ‘तिची नेहमीचीच फिट’ म्हणून घरी थांबायचं नाही. ती एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारी फिट, असू शकते, तडक रुग्णालय गाठायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तुझं माहेर कुठे ते तू लिहिलं नाहीस. पण ते गावाकडे असेल, तर या एका वेळी आईला इकडे बोलव. जिथे न्यूरॉलॉजिस्ट आहे, नवजात बाळाचा आयसीयू आहे आणि तुझी फाईल आहे, तिथेच बाळंतपण व्हावं. मुंबईत राहतेस, केईएम, सायन, नायर इथे हे सगळे विभाग एकाच आवारात आहेत. रांग लांब असते, पण डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला एक जिना चढावा लागतो, एवढंच. केवळ फिटचा आजार आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही.

बाळाला अंगावर पाज. बहुतेक औषधांवर पाजता येतं, आणि ज्या मुलांना सहाव्या वर्षी तपासलं त्यांच्यातली अंगावर प्यायलेली मुलं मागे पडली नव्हती. फक्त रात्रीचं एक पाजणं दुसऱ्याने वाटी-चमच्याने करावं, काढून ठेवलेल्या दुधाचं. सलग चार-पाच तास झोप तुला मिळालीच पाहिजे. लंगोट खाली चटईवर बदल, पलंगावर नाही. न्हाऊ घालताना तू एकटी नकोस, पाण्याजवळ दुसरं माणूस हवंच.

आजार बाळाला होईल का? तुझ्या प्रकारच्या आजारात घराण्याचा थोडा वाटा असतो, म्हणून शक्यता इतरांपेक्षा जरा जास्त. पण अशा आयांच्या १०० मुलांपैकी ९० हून जास्त मुलांना कधीच फिट येत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९८ पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर बायकांची नोंद ठेवतात. तिथेही बहुतेकींनी धडधाकट बाळं घरी नेली आहेत.

राहिल्या सासूबाई. तुझ्या आईची भीती मला कळते. १९७६ पासून १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके हा लग्नाला अडसर मानलेला होता. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला. तुझी आई लग्नाच्या वयाची होती तेव्हा तो होता, म्हणून तिचं गप्प राहणं निव्वळ अडाणीपणाचं नव्हे. पण माझं मत विचारशील तर सासूबाईंना सांग. लगेच नाही, नवीन औषधाची दिशा ठरली की, आणि नवऱ्याने, तू शेजारी बसलेली असताना. त्याआधी अर्थातच तू त्याला त्या बारा दिवसांचं सांगायचं आहेस.

कळव्याहून एक मुलगी यायची. घरात कोणालाच माहीत नव्हतं. सातव्या महिन्यात घरी फिट आली, दातखीळ बसली, आणि सासूने घाबरून चमचा घातला. दोन दात तुटले, तोंडात रक्त. नंतर बाळ सुखरूप झालं. पण त्या बाई बाकड्यावर माझ्याशेजारी बसून एकच विचारत होत्या, ‘मला सांगितलं असतं तर मी चमचा कशाला घातला असता?’ मला उत्तर सुचलं नाही.

दिवसभर घरी तुझ्यासोबत त्याच असतील. त्यांना चार गोष्टी ठाऊक हव्यात. कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा. कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा तू गरोदर असताना आली, तर १०८ ला फोन करायचा. त्या चिडतील, आठवडाभर बोलणार नाहीत, ‘फसवलंत’ म्हणतील. ते ऐकून घ्यावं लागेल, कारण त्यात थोडं तथ्य आहे. कदाचित त्या कपाच्या दिवसापासून त्यांनाही काहीतरी खटकत असेल.

ती बाटली मात्र आजच रिकामी कर. व्हॅल्प्रोएटची गोळी हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणूनच तिला पाकिटात एकेक बंद करून देतात. मुंबईच्या पावसाळ्यात बाटलीत सुट्या ठेवलेल्या गोळ्या मऊ पडतात, चिकटतात. मऊ झालेल्या फेकून दे, नवीन पाकीट आण आणि घ्यायच्या वेळेलाच गोळी बाहेर काढ. डॉक्टरांकडे जाताना ते पाकीट, या बारा दिवसांत कोणत्या सकाळी किती वेळा हात उडाले याचा कागद, आणि पंधराव्या वर्षीचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, घेऊन जा. तो बहुधा आईच्या कपाटात असेल. आज रात्री तिला फोन कर आणि कुरियरने मागव.